मचूळ

सिनसिनाटीच्या उत्तरेला, हायवेलगतच्या बुटक्या इमारतीत
मी आंबा बनवते.
झाड नाही, कोय नाही, देठाशी चीक नाही.
चौदा बाटल्या, एक ड्रॉपर,
आणि चाखायच्या खोलीत लाल दिवा,
रंग बघून जिभेनं लबाडी करू नये म्हणून.

फ्लेवर, फ्लेवर, दिवसभर तोच एक शब्द.
टूथपेस्टला फ्लेवर, कुत्र्याच्या गोळीला फ्लेवर.
जेवणाच्या सुट्टीत डेल सांगतो, त्याचा भाऊ फिजिक्सवाला,
त्यांच्याकडे कणांनाही सहा फ्लेवर असतात,
चाटून बघता येत नाहीत एवढंच.
मी हसते.
आमच्याकडे भांडणही चवीनं ऐकतात, सांगू का याला?
आणि एकच माणूस उठून गेलं की
अख्ख्या दिवाळीची चव जाते.

त्या सोमवारी आंबा नव्हता, पाणी होतं,
नव्या फिल्टरचं.
एक घोट घेतला.
फॉर्मवर नऊ चौकोन, त्यातला एकही पुढे येईना.
मग खाली, शेऱ्याच्या ओळीत,
हातानं आपोआप लिहिलं: मचूळ.

लोरेटानं केबिनमध्ये बोलावलं. हे काय?
म्हटलं, खारं नाही, पण गोडंही नाही.
(गोडं म्हणजे साखरेचं नव्हे,
हे समजावण्यात पाच मिनिटं गेली.)
मे महिन्यात तळाला गेलेल्या विहिरीचं असतं ना, तसं.
चूळ भरावी, गिळू नये.
तिनं दोनतीनदा म्हणून पाहिलं, मचूल, मॅचूल,
ळ काही टाळूला लागेना.
मग लाल पेनानं काट मारली.
यादीत नसलेला शब्द चालत नाही.

मार्चपासून ती रजेवर. कारण कुणी मोठ्यानं बोलत नाही.
रविवारी मी आमसुलाचं सार घेऊन गेले,
थर्मासमध्ये, वरून तुपाची फोडणी.
डोक्याला रुमाल, अंगावर दोन स्वेटर,
एकतीस वर्षं कंपनीनं जिच्या जिभेवर धंदा केला
ती लोरेटा
चमचा तोंडात धरून बसली, डोळे मिटून,
आम्हाला शिकवलं होतं अगदी तसं.
भिंतीवरचं घड्याळ बरंच पुढे गेलं.

"ते तुझं," ती म्हणाली, "पाण्याचं. मचूल."

ळ अजूनही चुकलाच होता.
मी दुरुस्त केला नाही.
तिची वाटी माझ्याकडे ओढली
आणि उरलेलं सार, गार होत आलेलं,
तिच्यासमोर बसून संपवलं.
छान जमलं होतं.
हे तिला सांगितलं नाही.