चेंडू आणायची पाळी

आमच्या बेटावरचं मैदान म्हणजे
समुद्राच्या कडेला वाळत घातलेली हिरवी चटई.
तीन बाजूंना पाणी, चौथीकडे मेंढ्या.
वारा इथे पडत नाही, फक्त दम खातो.
चेंडू जरा उंच उडाला की थेट अटलांटिकमध्ये,
म्हणून गोलच्या मागे एक छोटी बोट बांधलेली असते,
दोन वल्ही, लांब दांड्याचं जाळं.

बोट कुणी न्यायची, हा नियम मालानने केला.
मालान दिवसभर कारखान्यात कॉड सोलते
आणि संध्याकाळी, हाताला तोच वास घेऊन,
आमच्या पोरांना फुटबॉल शिकवते.
तिने क्लबच्या दारावर कागद डकवला:
काठावरून जो सगळ्यात मोठ्याने ओरडेल
चेंडू त्याने आणायचा.
आम्ही सगळे आईबाप हसलो.
मी जरा जास्तच हसलो.

माझी रान्वा नऊ वर्षांची, डावखुऱ्या पायाची.
तिचा तो पाय पाहिला
की माझ्या उजव्या गुडघ्यात काहीतरी जागं होतं.
सतरा वर्षांचा होतो. सूज होती.
सुई टोचून घेतली आणि खेळलो,
कारण काठावर वडील उभे होते.
त्यानंतर खेळलो नाही.
थंडीत गुडघा अजून बोलतो,
मी त्याचं ऐकत नाही.

त्या शनिवारी मी म्हणे ओरडलो,
"मागे ये! मागे! झोपलीस का?
तिला नको देऊस, तिला नको, ती पाडते!"
लोक सांगतात म्हणून मानायचं.
मला वाटत होतं, मी नुसता बघतोय.

मग टर्कीलने जिवाच्या आकांताने लाथ मारली,
चेंडू वाऱ्यावर बसला आणि गेला.
मालानने शिट्टी वाजवली,
बोट दाखवलं.
आधी बोट माझ्याकडे,
मग बोटीकडे.

वल्ही मारायला लागलो तेव्हा रागात होतो.
चेंडू पुढे, मी मागे.
जाळं टाकलं की तो हातभर सरकायचा,
एखाद्या खट्याळ पोरासारखा.
बुटांत पाणी शिरलं.
दमून वल्ही आत घेतली आणि वळून पाहिलं.

त्यांनी दुसरा चेंडू घेतला होता.
कुणी माझ्यासाठी थांबलं नव्हतं.

पाण्यावरून आवाज निराळे येतात.
शब्द वाटेत बुडतात,
हसणं तेवढं तरंगत पोचतं.
रान्वाच्या पायाशी चेंडू आला.
तिने मान वळवली, काठाकडे,
मी नेहमी उभा असतो त्या जागेकडे.
तिथे माझा थर्मास होता.
पुन्हा चेंडू आला. पुन्हा मान.
मी मोजायला लागलो, नको ते.
एवढ्या वर्षांत चेंडू कुठे जातो तेच पाहिलं होतं,
ती कुठे बघते ते नाही.

पाचव्यांदा तिने मान वळवली नाही.
तिने चेंडू दिला तिलाच, पाडणाऱ्या हेर्गाला,
हेर्गाने पाडला,
दोघी एकमेकींवर धडकून चिखलात बसल्या
आणि उठेचनात.
मला वाटलं, लागलं की काय.
खिदळत होत्या.

एव्हाना चेंडू आपणहून
बोटीला येऊन टेकला होता.

परतलो तर सामना संपलेला,
पोरं गरम सरबतावर तुटून पडलेली.
"किती झाले?" तोंडातून गेलंच.
रान्वाने आठवून पाहिलं.
"आमचे चार. की टर्कीलचे चार?
बाबा, सील दिसला का?"
नाही म्हटलं.
"दूर गेलास तर दिसतो. हेर्गाच्या बाबांना दिसला होता."
मग माझ्या ओल्या पायांकडे बघत, अगदी सहज,
"पुढच्या शनिवारी पण तूच जाशील?"

वाऱ्याने दम खाल्ला.
मला काही सुचेना.
मी बाकावर बसून बूट काढले,
तिने माझे मोजे घेतले,
दोन्ही हातांनी, जीभ बाहेर काढून,
पिळून पिळून घट्ट केले
आणि हेर्गाच्या अंगावर फेकले.