उजेडाचा पत्रा

वानरांचा हिशेब कुणी ठेवत नाही.
मी ठेवला.
गेल्या साली दोनशे सत्तर कौलं,
त्याच्या आदल्या साली दोनशे,
शिवाय एक कोनवासा.
गोठ्यावर बसून आमच्याच शेंगा सोलायची
आणि उठताना एकेक नळी पायानं अशी सारायची
जणू पानाच्या डब्याचं झाकण.

दरसाल वैशाखात सातापा यायचा शाकारायला.
कमरेला काथ्या, कानावर विडी.
त्याच्या पायाखाली कौल फुटलेलं
मी बघितलं नाही.
"वयनी, आडं सरळ हाय तवर गोठा उभा हाय,"
एवढं एकच वाक्य, दरसाल.

यंदा आडं सरळ नव्हतं.
वाळवीनं वासे आतून खाल्लेले,
वरनं लाकडाचा नुसता भास.
मोरी नुकती व्यालेली,
तिच्या काळ्या पाठीवर रोज सकाळी
तांबूस भुसा पडलेला असायचा.

मग उद्यमनगरातून मेहबूब शिकलगार आला.
टेप ताणला. चाळीस बाय अठरा.
लोखंडी कैच्या, उतार जरा जास्त,
"राधानगरीचा पाऊस कुणाला विचारून थांबत नाही, काकी."
स्क्रू पत्र्याच्या पन्हळात मारायचा नाही,
वरच्या कण्यावर मारायचा, खाली रबराचा वॉशर.
"जिथनं पाणी वाहतं तिथं भोक पाडू नये,
आमचं शास्त्र एवढंच."
मला माझ्या दोन्ही जावा आठवल्या.
पण बोलले नाही.

कौलं उतरवायला सातापाच पाहिजे, हा माझा हट्ट.
मेहबूबची पोरं म्हणाली, ढकलून देतो, अर्ध्या तासात.
सातापानं दीड दिवस घेतला.
एकेक कौल फुंकर मारून खाली द्यायचा,
झोपलेलं पोर दुसऱ्याच्या हातात द्यावं तसं.
फणसाखाली साडेतीन हजारांच्या रांगा लागल्या.
शेवटचं कौल त्यानं दिलं नाही,
पिशवीत घातलं.
मजुरीत मी तीनशे जास्त ठेवले होते,
ते मात्र परत दिले.

आता पत्र्याचं ऐका.
वानरं आली नेहमीच्या वेळेला, भर बाराला.
म्होरक्यानं उडी टाकली
आणि बूड टेकायच्या आत उठला.
घसरला, पन्हाळीला लोंबकळला,
आमच्याकडं असं बघितलं
जणू ठरलेला व्यवहार आम्हीच मोडला.

लाकूड नाही, मग वाळवीनं यावं कशाला?
उंदराला वळचण नाही, उंदरामागनं येणाऱ्यालाही नाही.
पलीकडच्या गुऱ्हाळाच्या ठिणग्या वाऱ्यानं येतात.
पाचटाच्या झापीचे दिवस होते तेव्हा
आमच्यात एक जण रात्रभर
भरली घागर घेऊन जागायचा.
आता ठिणगी पत्र्यावर पडते आणि विझते.
तिला जागायला कुणी नाही.
पन्हाळीला पाईप जोडलाय,
आषाढात टाकी एका रात्रीत भरते,
म्हशी धुवायला ओढ्यापर्यंत जावं लागत नाही.

गुणच गुण आहेत असं नाही, खोटं कशाला बोलू?
पावसानं जोर धरला की धार काढताना
स्वतःचा श्वास ऐकू येत नाही.
मोरीनं दोन दिवस पान्हा चोरला.
डेअरीतल्या पोरानं माप बघून भुवई उचलली.
तिसऱ्या दिवशी तिच्या कुशीला कपाळ टेकून
मी नुसतीच बसून राहिले, बादली रिकामी.
वर तडतड चाललेली.
कुणाला आधी सवय झाली, सांगता येणार नाही.
चैत्रात वरनं चुना मारावा लागतो,
भिंत आणि पत्र्यात हातभर फट, वाऱ्याला.
आणि मार्गशीर्षात पहाटे पत्र्याला घाम येतो,
थेंब थेंब, बरोबर
जिथं भुसा पडायचा तिथं.

परवा सातापा दूध न्यायला आला.
चरवी खाली ठेवून आत गेला,
मान वर करून बघत राहिला,
सवयच ती, कुठं फुटलंय का बघायची.
मधोमध मेहबूबनं एक पत्रा
आरपार दिसणारा बसवलाय, उजेडाला.
रेडकू त्याच चौकोनात बसलेलं.
सातापानं उजेडात हात धरला,
उलटा केला, सुलटा केला.
"एक फुटकं कौल तेवढं ठेवलासा म्हणायचं," म्हणाला.

आणि दूध अर्धा लिटर सांगितलं होतं,
पाऊण नेलं.