तिसरं तेल

रविवारी दुपारी तिची गाडी
दुसऱ्याच्या गाडीला दोरीनं बांधून आली.
हेडलाइटच्या काचेत अर्धी वाटी पाणी
हेलकावे खात होतं.
मागून चालत ब्रिन वार्गो, वय पंधरा,
बुटातून पचपच आवाज.
मी काही विचारायच्या आधीच म्हणाली,
"खोल वाटत नव्हतं."

कुणालाच वाटत नाही, पोरी.
एकोणीस वर्षं या फाटकाशेजारच्या कंटेनरात
मी पाने परजून बसलेय.
पेन्सिल्व्हेनियाच्या या काळ्या टेकड्यांतली डबकी
सगळी सारखीच दिसतात:
गुळगुळीत, वर बर्चचं एखादं पिवळं पान.
एकात घोटा बुडतो.
दुसऱ्याखाली जुनी खाण खचून बसलेली असते,
तिला तळ विचारू नये.

बुडाल्यावर चालू करून पाहिलीस?
गप्प.
किती वेळा?
चार बोटं.
नाकातोंडात पाणी गेलेल्या माणसाला
कुणी लगेच पळायला लावतं का?

धर पुढून. उभी कर मागच्या दांड्यावर.
फिल्टरचा स्पंज पिळ.
हं, तो गाळ बादलीत, माझ्या बुटांवर नको.
आता प्लग काढ, आणि दोरी ओढ
तोंड बाजूला घेऊन.
तोंड बाजूला, म्हणाले होते मी.
भुवयांवरून काळे ओघळ,
आणि पोरगी आल्यापासून पहिल्यांदा हसली.

पहिलं तेल सोडलं:
बाहेरच्या हायवेवर मिळते तशी दूध घातलेली कॉफी.
नवं ओत. तेवढ्यात कार्ब्युरेटर उघडू.
त्यातलं सगळ्यांत बारीक भोक
गिटारच्या सगळ्यांत बारीक तारेनं टोकरायचं,
मग जेट डोळ्याला लावून आभाळाकडे बघायचं.
उजेडाचा ठिपका दिसला की झालं.
"दिसला?"
"नाही."
मग अजून टोकर.

माझे आजोबा, ऑन्ड्रे युरकानिन,
याच डोंगराच्या पोटात होते, बत्तीस वर्षं.
हा काळा चिखल उपसायचे
त्यांना गाडीमागे पैसे मिळायचे.
शेवटी शेवटी तो त्यांच्या छातीत वाजायचा,
जिना चढताना खालच्या मजल्यावर ऐकू यायचा.
आता ओहायोहून माणसं येतात,
पंचवीस डॉलर देऊन तोच चिखल
गालावर, दातांवर, पोरांच्या कानांत घरी नेतात,
धुण्याआधी फोटो काढतात.
मी कुणाला काही सांगत नाही.
सुटे परत देते.

"दिसला!"

दाबलं बटण. नाही.
दाबलं. खाकरली.
एक शिंक, मागून पांढरा धूर,
डोनी शेमान्स्कीचा कुत्रा ट्रकखाली पळाला,
आणि गाडीनं जीव धरला.
ब्रिन उड्या मारायला लागली.
थांब. पाच मिनिटं चालू दे, मग बंद कर, मग पुन्हा तेल.
"परत?"
परत. पाणी एका खेपेत जात नाही,
ते गिअरांच्या बेचक्यांत दडून राहतं,
तुला वाटतं, गेलं.

दुसरं तेल: कॉफीच, दूध कमी.
तिसरं मात्र
संध्याकाळच्या उन्हात धार धरून पडलं,
मधासारखं, आरपार.
दोघी उगाच बघत राहिलो.
जमिनीवरही थोडं सांडलं.

"किती झाले?"
तेलाचे आणि प्लगचे.
बाकीचे पुढच्या रविवारी फेड,
अकरा फिल्टर धुवायचेत.
मान हलवली, हेल्मेट घातलं,
जाताना न विचारता माझा लांब लोखंडी गज घेऊन गेली.

अर्ध्या तासानं परतली, हात रिकामे.
गज त्या डबक्यात रोवून आली होती,
कमरेएवढा आत गेला म्हणाली, तरी टेकला नाही,
काठाकडे सरकवून रोवला.
वर बांधला होता
स्वतःच्या गाडीचा केशरी झेंडा.

झेंड्याशिवाय गाडी आत सोडायची नाही,
असं फाटकावर मोठ्या अक्षरात लिहिलंय.
अक्षर माझंच.
मी खण उघडला,
दुसरा झेंडा शोधत बसले,
आणि गजाचं नाव काढलं नाही.