दोन झोपांच्या मधे

पौषातला वारा खाडीवरून येतो
आणि भाट्याच्या पुलावर, स्कूटरवर पुढे उभ्या पोरांची
नाकं लाल करून जातो.
म्हणून यंदा ठरलं, समुद्र नको.
रत्नागिरीत राहून समुद्र नको,
हे सासूबाईंना सांगताना मलाच हसू आलं.
त्या म्हणाल्या, "वाऱ्याला काय दात असतात गो?"
म्हटलं, "कफ असतो, आई."

पाच आया, सहा पोरं. नफिसाची जुळी.
सगळ्यात धाकटा चौदा महिन्यांचा, थोरली पावणेतीनची.
वेळ सकाळची झोप उतरल्यापासून
दुपारची झोप चढेपर्यंत,
म्हणजे दीड तास.
त्यातला अर्धा दुसरी चप्पल शोधण्यात.

छप्पर हवं. खाली लादी हवी, पण गुळगुळीत नको.
दार लागणारं हवं. मोरी जवळ हवी.
"शूऽऽ" म्हणणारं कुणी नको.
वाण्याच्या वहीच्या मागल्या पानावर जागा लिहिल्या,
लिहिता लिहिता खोडल्या.
वाचनालय : जिना उभा.
बँक : गारवा छान, पण टोकन घेऊन बसणार किती वेळ?
काजूचा कारखाना : चिकाने हात भाजतील.
एसटी स्टँड, असं शलाका म्हणाली
आणि कुणीच हसलं नाही,
सगळ्यांनी क्षणभर खरोखर विचार केला.
मग मत्स्यालय ठरलं. त्याभोवती चौकट काढली.

मत्स्यालयाच्या दाराला कुलूप.
टाक्या धुण्याचं काम सुरू आहे.
तीन रिक्षा निघून गेलेल्या, सहा माकडटोप्या वाऱ्यात,
आणि ओजस त्या कुलपाकडे बघून
"माशा, माशा" म्हणत टाळ्या वाजवतोय.
पाच मिनिटं त्याच्यापुरतं तेच मत्स्यालय होतं.

तेव्हा उत्कर्षाला तिच्या मामांचं मंगल कार्यालय आठवलं.
पौषात मुहूर्त नसतात.
मामा चावी देताना एवढंच म्हणाले,
"स्टेजवरच्या त्या दोन खुर्च्यांना हात लावू नका, मखमल आहे."

आत अंधार, जुन्या निशिगंधाचा वास,
भिंतीला टेकवून रचलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या.
आम्ही पाचजणी त्यांच्यापुढे फळी धरून उभ्या राहिलो,
म्हटलं, आता चढणार.
कुणी चढलं नाही.
मनवा मधोमध बसली, फतकल मारून,
आणि लाद्यांच्या फटीतून काहीतरी टिपू लागली.
अक्षता.
मार्गशीर्षातल्या शेवटच्या लग्नातल्या, झाडूला चुकलेल्या.
अंगठा आणि एक बोट, एक दाणा,
मग दुसरा.
रुमानने बघितलं, रिदाने बघितलं,
सहाही पोरं जमिनीला लागली.
ओजसने दोन खाल्ले, तिसरा त्याच्या तोंडातून काढला.
रिदाने मूठभर गोळा केले
आणि भावाच्या डोक्यावर टाकून दिले,
कुणी शिकवलं नव्हतं.

नफिसा म्हणाली, तिचा वलीमा इथलाच,
मे महिन्यातला, पंखे बंद पडलेले,
पाहुणे पत्रिकांनी वारा घेत जेवत होते.
मी काही म्हटलं नाही.
मी गुडघ्यांवर रांगत होते मनवाच्या मागे,
आणि ती लादी ओळखीची वाटली,
करड्या रंगाची, कोपऱ्यात चंद्रकोरीसारखा टवका गेलेली.
चार वर्षांपूर्वी अंतरपाटामागे मान खाली घालून
एवढीच तर बघितली होती.
तिच्यावर आता माझ्या मुलीची टाच होती.

पावणेबाराला पहिली जांभई.
जांभई साथीसारखी पसरते, आम्ही पळापळ केली,
टोप्या अदलाबदल झाल्या, कुणाची कुणाला,
आणि उत्कर्षाने कुलूप लावलं.

रिक्षात विचारलं, पुढल्या गुरुवारी पुन्हा?
ती म्हणाली, पुढला एक मिळेल,
संक्रांत होऊन माघ लागला की सगळं बुक आहे.
मनवा मांडीवर झोपली होती, मूठ घट्ट.
उघडायचा प्रयत्न केला नाही.
दुसऱ्या हाताने पिशवीतून वही काढली, मागलं पान,
आणि खाचखळग्यांत थरथरत्या अक्षरात
पुन्हा लिहिलं :
एसटी स्टँड?