अठ्ठ्याऐंशी नंबरची पकड

रात्री अकरा दहाला शेवटची केबिन
एल आल्तोच्या स्टेशनात शिरते. दार उघडतं,
पेंगुळलेला पाववाला रिकामी टोपली घेऊन उतरतो
आणि दोर थांबतो.
खाली ला पासचे दिवे तसेच,
फक्त त्यांच्या डोक्यावरून आता कुणी जात नाही.

तोमासा कालिसाया हातमोजे काढते.
बाहेर उणे चार. पण पकड तपासायची
तर बोटांना लोखंड कळायला हवं.
शेडमध्ये केबिनी ओळीनं टांगलेल्या,
प्रत्येकीच्या माथ्यावर एक जबडा, दोन स्प्रिंगा,
झोपेतसुद्धा आवळलेल्या.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हणतात.
इथे उलटं.
सुंभ शाबूत असतो, तेल प्यायलेला, चकचकीत,
आणि पीळ जातो.
स्प्रिंग तुटत नाही, वाकत नाही, गंजतही नाही,
कुणी तिला जागची हलवलेली नसते,
नुसतं दाबून धरता धरता
आतलं पोलाद त्या दाबाला सरावतं.
भांडण नाही, आवाज नाही.
सवय होते, एवढंच.

शिवाय दोर.
तोही वर्षाला कागदाच्या जाडीइतका रोडावतो,
तेवढा जबडा जास्त मिटतो,
तेवढी स्प्रिंग सुटते,
तेवढा जोर उणा.
आणि जबड्याचं अस्तर झिजतं ते वेगळंच.

वहीत अठ्ठ्याऐंशीचं पान:
मार्चात शंभर. मेमध्ये शंभर.
जूनअखेर नव्व्याण्णव.
आज सत्त्याण्णव.

येर्को, नवा इंजिनियर, थर्मास बगलेत धरून वाकतो.
"नव्वदपर्यंत चालतं की. पुस्तकात आहे.
बावीस नंबर तर कधीचा चौऱ्याण्णववर,
त्याला तुम्ही हात लावत नाही."

"बावीस तीन वर्षं चौऱ्याण्णववर आहे," तोमासा म्हणते.
"ती बसलेली आहे.
ही निघालेली आहे."

येर्को वहीकडे बघतो, मग जबड्याकडे,
मग पुन्हा वहीकडे. थर्मास खाली ठेवतो.

"समोर नको उभा राहूस. बाजूला."
दाबयंत्राचा आटा ती अर्धा अर्धा फिरवते,
मध्ये थांबते, ऐकते.
डाव्या अंगठ्याला नख नाही तिच्या,
ते कसं गेलं, येर्को विचारत नाही.
स्प्रिंग एकदाची मोकळी होते
तेव्हा एक बारीक कुरकुर येते,
खूप वेळ मांडी घालून बसलेलं माणूस उठावं तशी.

ऑगस्टात इथे सगळे यंत्रांवर दारू शिंपडतात,
धरणीमातेच्या नावानं, रंगीत कागद उधळतात.
तोमासाही शिंपडते, मनापासून.
मग कुणी पाहत नाहीसं पाहून
चिंधीनं एकेक जबडा पुसून घेते.
ग्रीस धुऊन जातं ना.

नवी स्प्रिंग एकशे दोन दाखवते.
येर्को खूश. ती नाही.
"नवी पहिल्या महिन्यात थोडी उतरतेच.
आठवड्यानं बघ, मग पंधरवड्यानं,
आणि आकडा तू लिही. मी सांगितलेला नको,
तू वाचलेला."

पाचला कोकाच्या पानांचा चहा. सहाला दोर चालू.
अठ्ठ्याऐंशी दोराला धरते, खट् करून,
आणि उतारावर नाहीशी होते.
तिच्यात कोण बसलं, तोमासानं पाहिलं नाही,
ती एकोणनव्वदचं अस्तर मोजत होती.

सत्त्याण्णववाली स्प्रिंग आता तिच्या गल्लीत आहे,
शेजारच्या दोन्या एउसेबियाच्या अंगणात,
लाकडी चौकटीत बसवलेली, चीज दाबायला.
दांडा जेमतेम पाव आटा फिरतो,
त्यावर दोन माणसं लटकली तरी हलत नाही,
आणि चीज निघतं ते विटेसारखं.
"हिला म्हणे जोर राहिला नाही!"
दोन्या एउसेबिया भिंतीवरून ओरडते,
"तुमच्या त्या डब्यांना धरतं तरी कोण मग?"