गुणलेखकाचं मत

यंत्रमागाच्या शेडमागं, सूत ठेवायच्या खोलीत
मंडळाची बैठक.
पाच खुर्च्या, सहा माणसं,
मी सुताच्या बाचक्यावर, मांडीवर वही.
हत्तुरे सर म्हणाले,
राजेशम वंगारीला प्रशिक्षक करायचं का?
हात वर करा.
दोन वर, दोन खाली.
मग सगळे माझ्याकडं बघायला लागले,
तीस वर्षांत पहिल्यांदा.

मी राजेशमला ओळखतो आकड्यांनी.
लातूरला तीन मिनिटं चाळीस, नाबाद.
मिरजेला चार दहा, आणि गुडघा.
त्यापुढच्या रकान्यात रेघ मीच मारली,
पट्टी न लावता.

तो पळायचा तेव्हा पार्क मैदानाबाहेर
शेंगा विकणारे पुडी बांधायची थांबायचे.
खुंटाशी अशी हूल द्यायचा
की मारायला आलेला गडी
खुंटाला मिठी मारून उभा.
कसं केलंस, विचारलं तर म्हणायचा,
"पायाला विचार बे, मला काय विचारतोस."

आता पाय गेले.
विचारायचं कुणाला?

दुसरं नाव मुर्तुजा बागवान.
नऊ वर्षं बारावा गडी.
अकरा जणांच्या चपला, पाण्याची कळशी, चुना.
माझ्या वहीत त्याची सगळी मिळून चौदा मिनिटं.
पण कुणाचा कुठला खांदा आधी वळतो
हे फक्त त्याला ठाऊक.
आत होते त्यांना
बघायला सवड कुठं होती?

मंगळवारी राजेशमला मैदानावर बोलावलं, बघू तरी.
गाजूलांचा पोरगा सूर मारताना दरवेळी छातीवर पडत होता.
"असं नव्हं बे, असं,"
आणि सत्तेचाळीस वर्षांचा माणूस
इस्त्रीच्या पँटीसकट हवेत.
उठला तेव्हा कोपर सोललेलं.
पोरांनी टाळ्या वाजवल्या.
पोरगा पुन्हा छातीवरच पडला.
टाळ्या पडल्या तिथं शिकवणी बुडाली,
म्हटलं, ठरलं आपलं मत.

बुधवारी तो काही न बोलता
रांगेत जाऊन पाचव्या चौकोनात बसला,
गुडघे कुरकुरले ते मला इथवर ऐकू आले.
शेजारी तोच पोरगा, उलट्या तोंडानं.
त्याला म्हणाला,
"डोळं मिट. मागच्याचे पाय ऐक.
साच्यावर तार तुटली की
तुझा बाप बघून उठतो का ऐकून?"

पोरगा उठला,
खो मिळायच्या निमिषभर आधी.
फाऊल.
मी शिट्टीकडं हात नेला, आणि थांबलो.
ऐकू आल्याशिवाय
इतकं थोडं चुकता येत नाही.

रात्री नव्या पेठेत त्याच्या दुकानी गेलो.
त्याला स्वतःला कुणी विचारलंच नव्हतं.
तो चादरीच्या घड्या घालत होता,
मोर आत, काठ बाहेर.
म्हणाला, "नियम तूच लिहितोस की.
एकदा खांदा वळला
की खुंट येईतोवर माघारी फिरता येत नाही.
मी निघून गेलेला गडी आहे.
बस म्हणालास तर बसेन.
पण पोरं पळायला लागली की
खुर्चीखाली माझे पाय हलतील.
ते कोण बघणार?"

मला उत्तर सुचलं नाही.
दोन चादरी घ्याव्या लागल्या.

आज गुरुवार. पत्रक पुढ्यात.
संघ, दिनांक, बारा नावं शाईनं लिहून झाली.
प्रशिक्षकासमोर एकाच नावाची जागा आहे,
छापणाऱ्यानं तेवढाच विचार केलेला.
पेन्सिलीला टोक काढलं.
राजेशम वंगारी.
मग त्याच ओळीत, दाटीवाटीनं,
अक्षर लहान करून,
मुर्तुजा बागवान, पाय बघायला.

हत्तुरे सर चष्मा काढून विचारतील,
हे काय लिहिलंय ओ?
खोडरबर मागतील.
तो मी घरी ठेवून निघालोय.