चादरीवरचा पहाड

इनासियुने बल्कांवात चादर टांगली,
पियेदादने आधीच बजावलेलं: रात्री हीच अंथरायचीय.
यंत्र घरघरलं. हळदोण्याच्या काळोखात
आबर्डेअरचं धुकं, बांबूचं बन,
काळा-पांढरा झगा सावरत फांदीवर बसलेली माकडं,
मिस्साला उशिरा पोचलेल्या पाद्रींसारखी.

मग हत्तीण. तिच्या कुशीवर
पियेदादच्या हातचं रफू.

"इथे आमची जीप बंद पडली."
दरवर्षी तो इथेच थांबतो.
"ती नुसती बघत राहिली. मी तेवीस वर्षांचा."
पुढचं सांगत नाही.

शेजारचं कुत्रं भुंकलं, वीज गेली.
कुणीच उठलं नाही.

आता निजली असतील दोघं
त्या डोंगरावर,
तो डाव्या अंगाला,
रफूवर गाल टेकून.